धर्माच्या मोटारीचे दात

‘धर्माची गाय आणि दात का गं नाही?’ ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी नेहमी असायची. फुकट मिळालंय ना, मग खोड काढू नका, गुपचूप दावणीला बांधा, असा तिचा रोख. मैत्रिणींनो, आज मी या म्हणीच्या विरुद्ध बोलणार आहे. गाय धर्माची असली तरी दात मोजलेच पाहिजेत. आणि गाईच्या जागी मोटार असेल तर बॉनेट उघडून आतही बघितलं पाहिजे!

हे बोलायचं कारण आमच्याच गावातलं आहे. बार्शीला आसपासच्या तालुक्यांतून, करमाळा, भूम, परंडा, कुठून कुठून कॅन्सरचे रुग्ण उपचाराला येतात. रुग्णाची सोय होते, पण बरोबर आलेल्या बाईच्या पोटाचं काय? मग ती दोन-दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढते. म्हणून आमचं महिला मंडळ रोज दुपारी चाळीस डबे देतं. पोळी, भाजी, वरण-भात. एका डब्याला साधारण पस्तीस रुपये पडतात. पोळ्या लाटायला आम्ही पाळीपाळीने जातो, आणि डबे पोचवायला एक रिक्षावाले भाऊ रोजचे दीडशे रुपये घेऊन दोन फेऱ्या मारतात. एवढाच आमचा पसारा.

गेल्या वर्षी गावातल्या एका मोठ्या व्यापारी गृहस्थांचा निरोप आला. त्यांनी नवी गाडी बुक केली होती आणि बारा वर्षं वापरलेली जुनी आलिशान गाडी त्यांना मंडळाला दान करायची होती. नवी घेतली तेव्हा पस्तीस लाखांची. आत मऊ चामड्याच्या सीटा, वर सरकणारं काचेचं छप्पर. आमच्या बैठकीत आनंदीआनंद झाला. कुणी म्हणालं, डबे गाडीतून जातील. कुणी म्हणालं, पेशंटची ने-आण करू. गाडीला हार घालायचा, नारळ फोडायचा, वर्तमानपत्रात फोटो द्यायचा, इथपर्यंत ठरलंसुद्धा!

आमच्या खजिनदार ताई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या बाजूला आकडे मांडायला बसल्या. ड्रायव्हर ठेवायचा तर महिना बारा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. गाडी लिटरला आठ किलोमीटर देते. रोज वीस किलोमीटर फिरली तरी अडीच लिटर पेट्रोल, आणि पेट्रोल शंभराच्या वर. वर्षाला पंच्याण्णव हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून निदान साठ हजार. बेरीज झाली तीन लाखांची. आणि हे काहीही मोठं बिघडलं नाही असं धरून! तीन लाखांत आमचे सात महिन्यांचे डबे होतात. रिक्षावाल्या भाऊंना आम्ही वर्षाकाठी देतो ते जेमतेम पंचावन्न हजार.

शिवाय ती गाडी आपल्या रस्त्यांची नव्हेच. जरा उंच स्पीडब्रेकर आला की पोट घासतं. दवाखान्याच्या बोळात शिरली की वळत नाही. सर्व्हिसिंगला पुण्याला न्यायची. डिकीत चाळीस डबे मावतील, पण आमटी सांडली तर मालकांना काय वाटेल, म्हणून आम्हीच धास्तावणार. घरी पांढरा हत्ती बांधायचा आणि उसाला पैसे नाहीत म्हणून रडत बसायचं, अशातली गत.

आम्ही दोघी-तिघी त्या गृहस्थांकडे गेलो. नम्रपणे म्हटलं, “भाऊ, तुमची भावना मोठी आहे. पण ही गाडी तुम्हीच विका आणि येतील ते पैसे आम्हाला चेकने द्या. साडेतीन लाख जरी आले तरी आठ महिने डबे चालतील.” त्यांना ते आवडलं नाही. “दिलेल्या वस्तूचे दात मोजता होय?” असं म्हणाले. चहा मात्र दिला. पुढं ती गाडी एका एजंटामार्फत विकली गेली असं कानावर आलं. आमच्याकडे त्यातला एक रुपया आला नाही. आमच्यातल्या चार जणी आजही म्हणतात, की हातचं घालवलंत. घेऊन तर ठेवायची होती, पुढचं पुढं!

या ‘घेऊन ठेवायची’वरच माझा आक्षेप आहे. नाही म्हटलं तर माणूस तुटेल, पुढं काहीच मिळणार नाही, या भीतीने आपल्या संस्था काय काय घेऊन ठेवतात, आठवून बघा. बंद पडलेले कॉम्प्युटर. चित्र न दिसणारे टीव्ही. एक्स्पायरीला आठ दिवस राहिलेली औषधं. बाह्या फाटलेले स्वेटर. देणाऱ्याच्या घरातली अडगळ हलते, घेणाऱ्याच्या दारात येऊन पडते. वर त्याला शाल-श्रीफळ!

हा रोग काही आजचा नाही. कठोपनिषदातला नचिकेता आठवतो? त्याचे वडील सर्वस्वाचं दान करायला बसले आणि ब्राह्मणांना गाई द्यायला लागले. कशा गाई? पाणी पिणं संपलेल्या, चारा खाणं संपलेल्या, दूध आटलेल्या. ते बघून त्या पोराच्या जिवाला लागलं. असं दान देऊन बाबांना काय मिळणार, म्हणून त्याने विचारलं, मग मला कुणाला देणार? वडील इतके चिडले की म्हणाले, तुला मृत्यूला दिलं! हजारो वर्षांपूर्वीच्या त्या लेकराला जे दिसलं, ते आपल्याला हार-नारळाच्या गडबडीत दिसत नाही. विनोबांची भूदान चळवळ १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत सुरू झाली. देशभरातून लोकांनी लाखो एकर जमीन दिली. त्यात मनापासून देणारे खूप होते. पण मिळालेल्या जमिनीतली बरीच खडकाळ, पडीक, नाहीतर कोर्टकचेरीत अडकलेली निघाली. कागदावर दान झालं, भूमिहीनाच्या हातात मात्र पीक आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग श्रीमंत माणसाने आपली भारीतली गाडी दान करूच नये का? जरूर करावी. पण कशी करावी आणि घेणाऱ्याने तिचं काय करावं, याचा एक सुंदर धडा आपल्या मुंबईतच घडलेला आहे.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला एका मोठ्या धार्मिक अधिवेशनासाठी आले. भारतात आलेले ते पहिले पोप. त्यांना फिरायला अमेरिकेहून पांढरीशुभ्र लिंकन मोटार भेट आली होती. त्या काळी रस्त्यावर अशी गाडी म्हणजे बघायला गर्दी लोटावी. चार दिवसांनी परत जाताना पोपनी ती मदर तेरेसांच्या कामाला देऊन टाकली. मदरनी काय केलं? त्या गाडीत बसून त्या कोलकात्यात फिरल्या नाहीत. गाडीची सोडत काढली. तिकिटं विकली. गाडी एकाला लागली, आणि तिकिटांचा सगळा पैसा गेला कुष्ठरुग्णांसाठी. आसनसोलजवळ सरकारने दिलेल्या जमिनीवर शांतीनगर ही वसाहत उभी राहिली, तिला या पैशाचा मोठा हातभार लागला.

यात दोन गोष्टी आहेत बघा. देणाऱ्याने, ‘माझी गाडी, तुम्ही हीच वापरा,’ असा हट्ट धरला नाही. आणि घेणारीने गाडीकडे बघितलंच नाही, गाडीत दडलेल्या पैशाकडे बघितलं. एखाद्या श्रीमंताला गाडी विकली असती तर जुन्या गाडीचा भाव आला असता. पण ज्या गाडीत पोप बसले, तिच्या तिकिटाला शेकडो हात पुढं आले. याला म्हणतात व्यवहार! आपल्याकडे सेवेच्या कामात व्यवहार बघणं कमीपणाचं मानतात. मला तर वाटतं, ज्याला गरिबाचे पैसे सांभाळायचेत त्याच्याइतकं व्यवहारी कुणी असू नये. गांधीजी पक्के बनिया होते ना! १९३३-३४ च्या हरिजन दौऱ्यात सभेत भेट मिळालेल्या वस्तूंचा ते जागच्या जागी लिलाव करायचे. बायकांकडून हातातल्या बांगड्या मागून घ्यायचे, त्यांचाही पैसा करायचे.

अलीकडचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी कंपनीने पोप फ्रान्सिस यांना एक गाडी भेट दिली. त्यांनी आशीर्वाद दिला, बॉनेटवर सही केली आणि २०१८ मध्ये गाडी लिलावात गेली. पैसे इराकमधली उद्ध्वस्त गावं पुन्हा उभी करायला, देहविक्रयातून सुटलेल्या बायकांच्या पुनर्वसनाला आणि आफ्रिकेतल्या दवाखान्यांच्या कामाला वाटले गेले. आपल्याकडे केरळात गुरुवायूरच्या मंदिराला डिसेंबर २०२१ मध्ये नवीकोरी थार जीप भेट आली. देवस्थानाने लिलाव ठेवला. बोली लावायला एकच जण, गाडी पंधरा लाख दहा हजाराला गेली. त्यावर तक्रार झाली, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि जून २०२२ मध्ये पुन्हा लिलाव झाला. तीच गाडी त्रेचाळीस लाखांना गेली! लिलाव चारचौघांत, नीट जाहिरात देऊन केला की काय फरक पडतो, हे यावरून कळतं. मंडळाच्या सेक्रेटरीच्या भाच्याला परस्पर गाडी विकू नये ती याचसाठी.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिकडे जुनी मोटार दान करण्याची मोठी पद्धत आहे. रेडिओवर जाहिराती लागतात. फोन केला की क्रेन येऊन दारातून गाडी उचलून नेते, आणि देणाऱ्याला इन्कम टॅक्सात सूट. ऐकायला किती छान! पण पूर्वी गाडीची किंमत देणारा स्वतःच ठरवायचा. भंगारातली गाडी, आणि कागदावर किंमत हजारो डॉलर. शेवटी २००३ मध्ये तिथल्या संसदेच्या तपासणी विभागाने काही गाड्यांचा माग काढला. चोपन्नपैकी दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, देणाऱ्याने जेवढी किंमत दाखवली त्याच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती! बाकीचं कुठं गेलं? काही किंमत मुळातच फुगवलेली, काही मधल्या दलालांच्या आणि जाहिरातींच्या खर्चात. मग २००४ मध्ये कायदा बदलला. २००५ पासून नियम असा, की पाचशे डॉलरच्या वरची गाडी संस्थेने विकली तर जेवढ्याला विकली तेवढीच सूट. संस्थेने ती खरोखर कामाला वापरली, दुरुस्त करून तिची किंमत वाढवली किंवा एखाद्या गरजू कुटुंबाला अगदी कमी किमतीत दिली, तरच पूर्ण बाजारभाव धरतात. म्हणजे सरकारनेच गाईचे दात मोजायला सांगितले की!

आपल्याकडे तर सूटही नाही. वस्तू दान केली, मग ती मोटार असो की धान्याचं पोतं, तिच्यावर प्राप्तिकराची सूट मिळत नाही. आपण ज्याला ‘एटी-जी’ची पावती म्हणत आलो, ती पैशाच्या देणगीचीच. तीही रोख दोन हजारांपर्यंत, त्यापुढं चेक किंवा बँकेमार्फत, आणि जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांनाच. म्हणजे गाडी विकून पैसे देण्यात देणाऱ्याचाही फायदा आहे. हे घरच्या कर्त्या माणसाला सांगून बघा, पटकन पटेल!

आणखी एक गोष्ट, आणि ती फार गंभीर आहे. गाडीची किल्ली दिली, फोटो काढला, म्हणजे गाडी दिली असं होत नाही. आरटीओच्या कागदावर नाव बदललं पाहिजे. देणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं, असा कायदा आहे. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० म्हणतात ते हेच. कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला हवा, विमाही नव्या नावावर हवा. हे राहून गेलं आणि उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच हातोहात विकल्या गेलेल्या गाडीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. गाडी मी कधीच देऊन टाकली, हे कारण चालणार नाही. अपघातात गेलेल्या माणसाच्या बायकोने गाडीचे चार मालक शोधत का फिरावं? बरोबरच आहे ते. पण दानशूर माणसाला हे माहीत नसेल, तर त्याचं पुण्य कोर्टाच्या पायरीवर उभं राहील. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर आणखी बघायला हवं. पुन्हा नोंदणी करायला तपासणी आलीच, आणि एप्रिल २०२२ पासून त्याची फीच पाच हजार झाली आहे. अशी गाडी संस्थेच्या गळ्यात बांधण्यापेक्षा सरकारमान्य भंगार केंद्रात द्यावी आणि मिळेल तो पैसा दान करावा.

आता थोडं आपल्या बायकांविषयी. घरातली मोटार बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असते. घ्यायची कोणती, रंग कोणता, विकायची कधी, यात आपलं मत कुणी विचारत नाही. दान करायची वेळ आली की मात्र फोटोत आपण शेजारी उभ्या! आणि संस्था चालवणाऱ्या बऱ्याचदा बायकाच. म्हणजे देणारा पुरुष, राबणारी बाई. ड्रायव्हर आला नाही, गाडी बंद पडली, विम्याचा हप्ता चुकला, या सगळ्याला तोंड कोण देणार? ज्या बायका पोळ्या लाटतात त्याच. मग ‘ही वस्तू आम्हाला झेपणार नाही’ हे म्हणायचा अधिकार त्यांचा नको का? मोठ्या माणसाला ‘नको’ म्हणणं आपल्याला माहेरी शिकवलं नाही, सासरी तर नाहीच नाही. मंडळात तरी शिकू या.

नको म्हणजे उर्मटपणा नव्हे. बैठकीत विषय घ्या, ठराव लिहा, वर्षाचा खर्च मांडा आणि दात्याला घरी जाऊन सांगा. वाहनाची खरंच गरज असेल तर तसं मोकळेपणाने मागा. एखाद्या गावाला रुग्णवाहिका हवी असते, शववाहिका हवी असते, अपंग मुलांच्या शाळेला साधी व्हॅन हवी असते. अशी गाडी देणाऱ्याने सोबत पहिल्या वर्षाचा विमा आणि पेट्रोलचे पैसेही द्यावेत. सूनबाईला शिलाई मशीन दिलं आणि दोऱ्याला पैसे दिले नाहीत, तर ती शिवणार काय?

आमच्या त्या चार जणींना माझं एवढंच सांगणं आहे, की हातचं काही गेलेलं नाही, कारण हातात काही आलंच नव्हतं. आली असती ती तीन लाखांची उधारी. त्या उधारीपायी डबे चाळीसचे वीस झाले असते, आणि परंड्याहून नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईला आम्ही काय सांगितलं असतं? की आज डबा नाही, पण बाहेर गाडी बघा किती छान उभी आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी गाडी बदलायचा विषय निघाला की दोन गोष्टी नवऱ्याच्या कानावर घाला. जुनी गाडी आधी विका, नाव बदलल्याचा कागद हातात घ्या, आणि त्यातली जमेल ती रक्कम जवळच्या चांगल्या संस्थेला चेकने द्या. पाच हजार असली तरी चालेल. आणि तुम्ही संस्थेत काम करत असाल, तर पुढच्या बैठकीत हा विषय काढा. तुमच्या मंडळाच्या खोलीत दानात आलेल्या किती वस्तू धूळ खात पडल्यात, एकदा मोजून बघा. किती भरल्या ते मलाही जरूर कळवा.